‘राष्ट्रमाता’ म्हणण्याआधी नर्सचा पगार मोजा

दक्षिण आफ्रिकेच्या मुक्तिलढ्याचा विषय निघाला की आपल्या सभांमधून नेल्सन मंडेलांचे नाव घेतले जाते. वक्त्याचे वाचन चांगले असेल तर तो स्टीव्ह बिकोंचा, ऑलिव्हर टांबोंचाही उल्लेख करतो. अल्बर्टिना सिसुलू हे नाव मात्र आम्ही फार थोड्या व्यासपीठांवरून ऐकले, आणि ऐकले तेव्हाही ‘वॉल्टर सिसुलू यांच्या पत्नी’ एवढ्याच ओळखीने. २ जून २०११ रोजी जोहान्सबर्गच्या राहत्या घरी, नातवंडांसोबत टीव्ही पाहत बसलेल्या असताना, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ११ जून रोजी सोवेटोतील ऑर्लांडो स्टेडियमवर त्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. त्या दिवसांत त्यांच्यावर जे जे लिहिले गेले त्यात एक शब्द सारखा येत होता : राष्ट्रमाता.

आमची हरकत या शब्दालाच आहे. बाईंच्या थोरवीबद्दल आम्हाला शंका नाही. परंतु ‘माता’ म्हटले की तिचे सारे श्रम मायेच्या खात्यात जमा होतात आणि हिशेब मिटतो. आईला कोणी पगार विचारतो काय? मा सिसुलू (तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने ‘मा’ म्हणतात) या पेशाने परिचारिका होत्या. एक-दोन वर्षे नव्हे, वयाच्या एकविसाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत. त्यांच्या पगारावर घर चालले आणि त्या घरावर चळवळ चालली. हा हिशेब जगापुढे नीट मांडला जात नाही, म्हणून आम्ही तो येथे मांडत आहोत. आमच्या वाचकांना तो ओळखीचा वाटेल.

ट्रान्सकायमधील त्सोमो भागातल्या कामामा या खेड्यात २१ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव नोन्त्सिकेलेलो थेथिवे. ‘अल्बर्टिना’ हे मिशनच्या शाळेत मिळालेले नाव. आफ्रिकन मुलाने शाळेत पाऊल टाकले की त्याला एक ख्रिस्ती नाव चिकटवले जाई. मंडेलांचे ‘नेल्सन’ झाले तेही असेच. जन्माचे वर्ष स्पॅनिश फ्लूच्या साथीचे. आईला गरोदरपणातच त्या तापाने गाठले आणि तिची प्रकृती कायमची खालावली. वडील खाणीत राबणारे. सोन्याच्या खाणींनी ट्रान्सकायमधून धडधाकट माणसे न्यायची आणि छाती निकामी झाली की परत पाठवायची, ही त्या काळची रीतच होती. १९२९ साली वडील वारले. मुलींमध्ये थोरली म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम नोन्त्सिकेलेलोकडे आले आणि त्यापायी तिची शाळेची दोन वर्षे बुडाली.

या बुडालेल्या दोन वर्षांची पुढे काय किंमत द्यावी लागली ते पाहा. पुढच्या शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी झालेल्या स्पर्धेत ही मुलगी पहिली आली, पण वय जास्त आहे असे सांगून शिष्यवृत्ती नाकारण्यात आली. नियमांत वयाची अट मुळात नव्हतीच. तिच्या शिक्षकांना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी ‘इम्वो झाबान्त्सुंदू’ या वृत्तपत्राकडे दाद मागितली. हे पत्र १८८४ साली जॉन टेंगो जबावू यांनी काढलेले, आफ्रिकन माणसाचे स्वतःचे. त्यातली हकीगत काही कॅथलिक धर्मगुरूंच्या वाचनात आली, त्यांनी खटपट केली, आणि १९३६ मध्ये मटाटिएल येथील मारियाझेल शाळेत तिची चार वर्षांची सोय झाली. ज्यांचे आपले पत्र नसते त्यांची तक्रार कागदावरच येत नाही, हे ‘मूकनायक’च्या वाचकांच्या वारसांना आम्ही वेगळे काय सांगावे! सुटीत इतर मुले घरी जात तेव्हा ही मुलगी शाळेच्या शेतात आणि धोबीखान्यात राबून जेवणाखाण्याचा खर्च फेडत असे.

शाळा संपता संपता तिच्या मनाने जोगीण होण्याचे घेतले. मिशनमध्ये वाढलेल्या मुलीला ते स्वाभाविक होते. पण फादर बर्नार्ड ह्यूस यांनी तिला व्यवहार समजावून सांगितला : जोगिणीला पगार नसतो, घराशी संबंधही तोडावे लागतात, मग भावंडांचे काय? नर्सिंगला गेलीस तर शिकतानाच हातात पैसे पडतील. मुलीला ते पटले. सेवाभाव, त्याग, करुणा हे सर्व शब्द परिचारिकेच्या पेशाला नंतर चिकटवले जातात. आधी असते ती घरातली खाणारी तोंडे. यात कमीपणा काहीच नाही. गरिबाघरच्या मुलीने पगाराकडे पाहून पेशा निवडला यातच तिची जबाबदारीची जाण दिसते, असे आमचे मत आहे.

आणि त्या काळी निवड करायला होते तरी काय? शिकलेल्या आफ्रिकन मुलीला दोन दारे उघडी, शिक्षिका व्हा किंवा नर्स व्हा. बाकीच्यांसाठी गोऱ्या मालकिणीचे स्वयंपाकघर होतेच. १९०८ साली सेसिलिया मकिवाने ही पहिली आफ्रिकन नोंदणीकृत परिचारिका झाली, तीही याच पूर्वेकडच्या मुलखातली. आपल्याकडच्या नर्सिंग शाळांत दरवर्षी १२ मे रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो. तो जरूर घालावा. पण त्याच भिंतीवर मकिवाने यांचेही चित्र लागायला कोणाची हरकत आहे?

जानेवारी १९४० मध्ये अल्बर्टिना जोहान्सबर्ग जनरल हॉस्पिटलच्या ‘बिगर-युरोपियन’ विभागात उमेदवार परिचारिका म्हणून रुजू झाल्या. इमारत वेगळी, वॉर्ड वेगळे. अनुभवी काळ्या नर्सला कालच आलेल्या गोऱ्या मुलीने हुकूम सोडायचे. एकदा मोठा अपघात झाला. बिगर-युरोपियन विभागात जखमींना ठेवायला जागा उरली नाही, माणसे फरशीवर टाकावी लागली, पण गोऱ्यांच्या विभागात त्यांना नेण्यास वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. जखम तीच, रक्त तेच, पण खाट मात्र रंग पाहून! राजकारणाचा गंधही नसलेल्या त्या मुलीला वर्णद्वेष म्हणजे काय ते कोणत्या पुस्तकाने नाही, त्या फरशीने शिकवले. १९४१ मध्ये आई वारली. अंत्यविधीला जाण्यासाठी रजा मागितली, तीही मिळाली नाही.

याच वर्षी त्यांची वॉल्टर सिसुलूंशी ओळख झाली आणि जुलै १९४४ मध्ये विवाह झाला. वराचे सोबती होते नेल्सन मंडेला. युथ लीगचे पहिले अध्यक्ष अँटन लेंबेडे यांनी वधूला समारंभातच बजावले, की तू ज्याच्याशी लग्न करते आहेस त्याचे लग्न आधीच राष्ट्राशी लागलेले आहे. त्याच वर्षी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची ही युथ लीग उभी राहिली, तिच्या सभेला हजर असलेल्या अल्बर्टिना या एकट्याच स्त्री होत्या. लेंबेडेंचे बोल सर्व चरित्रांत येतात. आम्हाला त्यावर एकच विचारावेसे वाटते. राष्ट्राशी लग्न केलेल्या या नवऱ्याचे घरभाडे कोण भरणार होते?

उत्तर सरळ आहे. १९४९ च्या डिसेंबरात वॉल्टर काँग्रेसचे सरचिटणीस, पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. संघटनेच्या मानधनाचा भरवसा नव्हता. तेव्हापासून घराची चूल बाईंच्या पगारावर. आणि हे एका घरापुरते नाही. मंडेलांची पहिली पत्नी एव्हलिन मासे ही वॉल्टरच्या नात्यातली, तीही नर्स. त्याच इस्पितळात शिकलेली. मंडेला विटवॉटर्सरँड विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत होते तेव्हा संसार तिच्या पगारावर होता. ऑलिव्हर टांबो १९६० मध्ये देशाबाहेर पडले आणि त्यांनी तीस वर्षे परागंदा अवस्थेत संघटना सांभाळली. लंडनमध्ये त्यांच्या मुलांना वाढवले ते ॲडलेड टांबो यांनी, रात्रपाळ्या करून, नर्स म्हणूनच.

मंडेला, सिसुलू, टांबो. दक्षिण आफ्रिकेच्या लढ्याची ही त्रिमूर्ती. तिघांच्याही घरात परिचारिकेचा पगार! हा योगायोग नव्हे. काळ्या पुरुषाने राजकारणात उडी घेतली की त्याची नोकरी जाणार, धंदा मोडणार हे ठरलेले. बाईचा पेशा असा होता की सरकारलाही तिच्यावाचून चालत नव्हते. वस्तीतले बाळंतपण गोरी नर्स जाऊन करणार नव्हती. ज्या व्यवस्थेने काळ्या नर्सला खालच्या पायरीवर बसवले, त्याच व्यवस्थेला तिला पगार द्यावा लागत होता, आणि तो पगार व्यवस्थेच्याच विरुद्ध खर्ची पडत होता. इतिहासकारांनी परदेशी मदतीचे, स्वीडनच्या, सोविएत रशियाच्या मदतीचे हिशेब लिहिले. या पगाराचा अध्याय आम्हाला तरी कोठे सलग वाचायला मिळाला नाही.

१९५४ मध्ये अल्बर्टिना सुईणपणाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि जोहान्सबर्ग शहराच्या आरोग्य खात्यात लागल्या. सोवेटोच्या गल्ल्यांतून पायी, सामानाची पेटी डोक्यावर घेऊन, त्या बाळंतिणींच्या घरी जात. रात्री-बेरात्री हाक आली की निघायचे. घरोघरी जाणाऱ्या सुईणीला वस्तीचे जे कळते ते कोणत्याही पुढाऱ्याला कळत नाही. कोणाच्या घरात चूल पेटली नाही, कोणाचा नवरा पासच्या गुन्ह्यात आत आहे, कोणाचे मूल दुधाविना रडते, ते तिला उंबरठ्यातच दिसते. ९ ऑगस्ट १९५६ रोजी पासच्या कायद्याविरुद्ध वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या. पुढाऱ्यांत लिलियन न्गोयी होत्या, हेलन जोसेफ होत्या, भारतीय वंशाच्या रहिमा मूसा होत्या. अल्बर्टिनाही त्या मोर्चात होत्या. वीस हजार बायका काही पत्रके वाटून जमत नाहीत. दारोदार ओळख असलेल्या बाया लागतात.

सरकारलाही हे उमगले असावे. १९५७ मध्ये नर्सिंगचा नवा कायदा झाला. नर्सेसच्या नोंदणीपुस्तकातही वर्णाप्रमाणे वाटण्या झाल्या. परिचर्या मंडळावर काळ्या नर्सला बसता येईना, आणि गोऱ्या नर्सला काळ्या नर्सच्या हाताखाली ठेवणे हा गुन्हा ठरला. नंतरच्या वर्षी पासविरोधी आंदोलनात अल्बर्टिनांना अटक झाली. काही आठवडे तुरुंगात काढून त्या सुटल्या आणि पुन्हा ड्युटीवर हजर झाल्या. याआधीच बांटू शिक्षणाचा कायदा आला होता, काळ्या मुलाला मजुरी करण्याइतकेच शिक्षण द्यायचे, अशा हेतूचा. बाईंनी आपल्या मुलांना त्या शाळांतून काढले. पुढे त्यांना शेजारच्या स्वाझीलँडला (२०१८ पासून एस्वातिनी) शिकायला पाठवले. नर्सच्या पगारात परदेशची शाळा! शिक्षणाचे मोल ज्यांना बाबासाहेबांनी शिकवले त्यांना या बाईचा हट्ट कळेल.

१९६३ मध्ये आरोप न ठेवता नव्वद दिवस कोठडीत ठेवण्याचा कायदा झाला. त्याखाली पकडलेली पहिली स्त्री म्हणजे अल्बर्टिना. वॉल्टर भूमिगत होते, ते कोठे आहेत एवढेच पोलिसांना हवे होते. थोरला मुलगा मॅक्स यालाही पकडले, तो सतरा वर्षांचा होता. एकांत कोठडीत धाकट्या मुलीच्या आजारपणाच्या बातम्या देऊन बाईंचा छळ करण्यात आला. त्या बोलल्या नाहीत. १२ जून १९६४ रोजी रिव्होनिया खटल्यात वॉल्टर, मंडेला व त्यांच्या सहकाऱ्यांना जन्मठेप झाली आणि रॉबेन बेटाचे दार बंद झाले. सुरुवातीला त्या वर्गातल्या कैद्याला सहा महिन्यांत एक भेट आणि एक पत्र. जोहान्सबर्गहून केपटाउन म्हणजे हजार किलोमीटरहून अधिक वाट. अर्ध्या तासाच्या भेटीसाठी रजा काढा, भाडे जमवा, आणि परत येऊन दुसऱ्या दिवशी वॉर्डात उभ्या राहा. हे वर्ष-दोन वर्षे नव्हे, २५ वर्षे चालले.

१९६४ पासूनच त्यांच्यावर बंदीहुकूम लागू झाला. तो पुनःपुन्हा वाढत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राहिला, त्यात कित्येक वर्षांची नजरकैद. बंदीहुकूम म्हणजे सभेला जायचे नाही, ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचे नाही, आणि तुमचे म्हणणे कोणत्याही वर्तमानपत्राने छापायचे नाही. जिवंतपणी मुके करण्याची ही युक्ती. मात्र एक फट राहिली होती. नोकरीवर जायला परवानगी होती. दवाखान्यात येणाऱ्या बाईची नाडी पाहायला बंदी नव्हती. त्या बाईशी काय बोलणे झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही, पण वीस वर्षे तोंड बांधलेल्या बाईला ऑगस्ट १९८३ मध्ये युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटने तिघा अध्यक्षांपैकी एक म्हणून निवडले, तेव्हा त्या पुन्हा तुरुंगातच होत्या. सभेशिवाय, भाषणाशिवाय, वर्तमानपत्रात एक ओळ न येता लोकांचा हा विश्वास आला कोठून? आमच्या मते तो दवाखान्याच्या बाकड्यावरून आला.

आता एका माणसाबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे. त्याच्यात आमच्यासाठी मोठा धडा आहे. डॉ. अबू बेकर अस्वत, गुजराती मुस्लिम वंशाचे डॉक्टर, सोवेटोतील रॉकव्हिल भागात दवाखाना चालवीत. लोक त्यांना ‘जनतेचा डॉक्टर’ म्हणत. ते आझापो या काळ्या जाणिवेच्या संघटनेचे. अल्बर्टिना युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंटच्या पुढारी. १९८० च्या दशकाच्या मध्यास या दोन संघटनांच्या तरुणांत रक्तरंजित मारामाऱ्या चालू होत्या, घरे पेटत होती. अशा वेळी सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या अल्बर्टिनांना अस्वतांनी १९८४ मध्ये आपल्या दवाखान्यात नर्स म्हणून घेतले. चळवळीच्या कामाला लागेल तेवढी मोकळीक दिली. त्या तुरुंगात गेल्या तेव्हाही त्यांचा पगार बंद केला नाही. बाहेर कार्यकर्ते एकमेकांच्या जिवावर उठलेले आणि आत दोघे मिळून रोगी तपासत आहेत!

रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला, त्यानंतर त्याचे किती गट झाले हे मोजायला आमच्या वाचकांना आमची गरज नाही. एका गटाच्या कार्यकर्त्याच्या घरी मयत झाली तर दुसऱ्या गटाचा कार्यकर्ता जावे की न जावे याचा विचार करतो, असे दिवस आपण पाहिले आहेत. अस्वतांनी गट विसर्जित केला नाही, बाईंनीही केला नाही. दोघे आपापल्या मताला शेवटपर्यंत चिकटून राहिले. तरीही रोग्यासमोर दोघांत अंतर नव्हते, आणि महिन्याच्या महिन्याला पगाराचे पाकीट जात होते. ऐक्याच्या शंभर परिषदांपेक्षा आम्हाला हे पाकीट अधिक मोलाचे वाटते.

२७ जानेवारी १९८९ रोजी रोगी म्हणून आलेल्या दोन तरुणांनी डॉ. अस्वतांना दवाखान्यातच गोळ्या घातल्या. त्यांनी प्राण सोडला तो मा सिसुलूंच्या हातांत.

या खुनाची एक बोचरी बाजू आहे आणि आम्ही ती झाकणार नाही. १९९७ मध्ये सत्य व सलोखा आयोग विनी मंडेला यांच्या भोवतीच्या तरुणांच्या टोळीची कृत्ये तपासत होता. त्या ओघात अस्वतांच्या दवाखान्यातील एक कार्ड पुढे आले. त्यावरचे अक्षर आपले नाही, अशी साक्ष मा सिसुलूंनी दिली. याआधी एका माहितीपटात त्या जे बोलल्या होत्या त्याच्याशी हे जुळत नाही, असे तेव्हाच दाखवून देण्यात आले. अस्वतांच्या चाहत्यांना ते लागले. पोलिसांपुढे तोंड न उघडणारी बाई आपल्याच माणसांच्या चुकांपुढे अवघडली काय? आम्ही निकाल देत नाही. पण चळवळीतली जुनी निष्ठा आणि सत्य यांची गाठ पडते तेव्हा मोठ्या माणसांचीही काय परीक्षा होते, हे यातून कळते. मूर्ती करून मखरात बसवली की असे प्रश्न विचारता येत नाहीत. मूर्तींचे काय होते हे आपल्याला माहीत आहे.

१५ ऑक्टोबर १९८९ रोजी वॉल्टर सुटले. ९ मे १९९४ रोजी नव्या संसदेत मंडेलांचे नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी सुचवले ते अल्बर्टिना सिसुलूंनी. खासदारकीची एक मुदत पूर्ण करून १९९९ मध्ये त्या बाजूला झाल्या. ५ मे २००३ रोजी वॉल्टर गेले, तेही त्यांच्याच मिठीत.

आजी म्हणून त्यांचा हिशेब आणखी लांब आहे. आधी आपली भावंडे, मग पोटची पाच मुले, नात्यातली पोरकी मुले, मग नातवंडे. लिंडिवे या मुलीला १९७६ मध्ये पकडून तिचे हाल केले गेले, सुटल्यावर ती देशाबाहेर गेली. मॅक्स आधीच बाहेर. पत्रकार मुलगा झ्वेलाखे खटल्याविना पुनःपुन्हा कोठडीत. अशा घरात नातवंडाला शाळेत पोहोचवायचे, तापात उशाशी बसायचे आणि तुझा बाप कोठे आहे ते त्याला पेलेल अशा शब्दांत सांगायचे, हे काम आजीचे. सून एलिनॉर सिसुलू यांनी २००२ मध्ये सासू-सासऱ्यांचे मोठे चरित्र प्रसिद्ध केले म्हणून यातले बरेच आपल्यापर्यंत पोहोचले. घरात लिहिणारी सून आली नसती तर?

स्वातंत्र्यानंतर मॅक्स सिसुलू संसदेचे सभापती झाले, लिंडिवे सिसुलू मंत्री झाल्या. विमानतळावरून जोहान्सबर्गला येणाऱ्या हमरस्त्याला बाईंचे नाव आहे. आणि त्याच हाउटेंग प्रांतात, त्यांच्याच पक्षाच्या राजवटीत, २०१६ मध्ये खर्च वाचवण्यासाठी मनोरुग्णांना चालत्या रुग्णालयातून हलवून तयारी नसलेल्या संस्थांच्या हवाली करण्यात आले. १४४ रोगी दगावले. ‘लाइफ एसिडिमेनी’ या नावाने ते प्रकरण तिकडे ओळखले जाते. राष्ट्रमातेचे नाव रस्त्याला देणे सोपे, तिच्या वॉर्डात माणूस पुरवणे कठीण. आपल्याकडे तरी काय वेगळे? ३ मे २०२० रोजी कोरोनाच्या काळात सैन्यदलांच्या हेलिकॉप्टरमधून इस्पितळांवर फुले टाकली गेली. त्या फुलांखाली उभ्या असलेल्यांपैकी कित्येक नर्सेस कंत्राटी होत्या.

आमच्या प्रतिनिधींनी २००१ मध्ये डर्बनच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न नेला आणि भारत सरकारने तो तेथे येऊ नये म्हणून जोर लावला, हे वाचकांच्या स्मरणात असेल. रंग आणि जात यांतले साम्य सिद्ध करण्यासाठी तेव्हा पुष्कळ कागद लिहिले गेले. त्या कागदांत सुईणीचा उल्लेख आम्हाला आढळला नाही. गावोगावी सवर्णांच्या घरातली बाळंतपणे आमच्या समाजातल्या बायांनी केली. नाळ कापायला तिचा हात चालत होता. नंतर बाळंतिणीला आंघोळ घालून तोच हात विटाळाचा ठरत होता, आणि मोबदला म्हणून पदरात धान्य, जुने लुगडे. त्या सुईणींच्या मुली-नाती बाबासाहेबांच्या शब्दावर शिकल्या, पांढरा गणवेश घालून इस्पितळांत गेल्या, तेव्हा पहिल्यांदा त्याच कामाचा महिन्याला ठरलेला पगार झाला. पुण्याजवळ १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलेल्या सावित्रीबाईंनी परिचर्येला जी प्रतिष्ठा दिली, ती या मुलींनी पुढे नेली. त्या पगारातून दिराचे शिक्षण झाले, वस्तीतल्या विहाराच्या विटा आल्या, पूर्णवेळ कार्यकर्ता असलेल्या नवऱ्याचे एसटीचे तिकीट निघाले. व्यासपीठावर मात्र हार नवऱ्याच्या गळ्यात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक करून चळवळीतल्या बायांना बोलते केले. गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायांच्या शेजारी बसून केलेले ते काम. त्यानंतर त्या वाटेने चालणारे थोडेच निघाले.

आमचे वाचकांना सांगणे आहे. तुमच्या घरात, आळीत, नात्यात कोणी निवृत्त नर्स, आया, मिडवाइफ असेल आणि आज ती नातवंडांत बसलेली असेल, तर तिला ‘त्यागमूर्ती’ म्हणून हार घालण्याची घाई करू नका. तिच्या ट्रंकेतले सर्व्हिस बुक मागून घ्या. कोणत्या सालात लागली, पहिला पगार किती, कोणत्या महिन्यात रजा नाकारली, मोर्चाच्या दिवशी बिनपगारी किती दिवस पडले, पगार घरात कोणाच्या हातात जात होता, हे तिला विचारून तारखेनिशी उतरवून घ्या. तिला वाचता येत असेल तर उतरवलेले तिलाच वाचायला द्या. चुकले असेल तेथे ती सांगेल.